उन्हाळ्यात बघितलेलं घर

सांगलीत भाड्याची घरं बहुतेककरून मे महिन्यात बघितली जातात. बदलीची ऑर्डर हातात असते, मुलांच्या शाळा संपलेल्या असतात, कुणाला लेकीला विलिंग्डन कॉलेजला घालायचं असतं, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात नोकरी लागलेली असते. टळटळीत दुपारी मालक कुलूप काढतात. आत पाऊल टाकलं की गार वाटतं. फरशी खडखडीत कोरडी, भिंतींना ताजा रंग, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. दहा मिनिटांत माणूस हो म्हणून मोकळा होतो.

मे महिन्यात घराची एकच बाजू दिसते. दुसरी बाजू जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडत जाते, आणि तोवर करार झालेला असतो, अनामत देऊन झालेली असते, मुलांची शाळा जवळच ठरलेली असते. म्हणून या गावात घर बघण्याची एक वेगळी नजर लागते. ऊन डोक्यावर असताना ऑगस्ट बघता आला पाहिजे. ही नजर शिकता येते, कारण पाणी कुठं येतं, कुठं मुरतं आणि कुठून परत येतं याच्या खुणा प्रत्येक घरावर असतात.

सुरुवात कृष्णेपासूनच करावी लागते. १९२९ मध्ये झालेल्या आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला होता. २००५ आणि २०२१ या वर्षांची नावंही सांगलीकर तशीच घेतात. वर साताऱ्याकडे १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचं कोयना धरण, खाली हरिपूरला वारणेचा संगम. कोयनेतून विसर्ग वाढला आणि त्याच वेळी वारणाही फुगलेली असली, तर कृष्णेचं पाणी पुढं सरकायला जागा मिळत नाही. ते गावाकडं पसरतं. पूर चढताना तासातासाला इंचांची चर्चा का चालते, हे बाहेरून आलेल्या भाडेकरूला पहिल्या वर्षी कळत नाही. दुसऱ्या वर्षी तोही सकाळी उठून आधी आयर्विनचा आकडा विचारतो.

भाड्याचं घर शोधणाऱ्यासाठी या आकड्याचा खरा उपयोग असा : प्रत्येक गल्लीचा स्वतःचा एक आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं पूर आला की सगळ्यात आधी येतात. गावभाग, टिळक चौक, मारुती रोड, हरभट रोड यांची पाळी नंतर. पण एकाच भागात दोन गल्ल्यांमध्ये हातभर उंचीचा फरक असतो, आणि पुरात हातभर म्हणजे घर वाचणं किंवा बुडणं. तेव्हा भागाचं नाव ऐकून निर्णय घेऊ नये. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात जाऊन सरळ विचारावं, ‘काका, एकोणीसला इथं पाणी कुठवर आलतं?’ सांगलीत या प्रश्नाचं कुणालाही वाईट वाटत नाही. उत्तर बोटानं दाखवून मिळतं : ‘ह्या पायरीला लागलं होतं’, ‘शटरच्या निम्म्याला’, ‘इथं नाही, पलीकडच्या गल्लीत आलतं’. त्याच माणसाला पुढचा प्रश्न विचारावा, ‘पुलाला किती फूट झालं की इथं येतं?’ जुन्या रहिवाशाला हा आकडा तोंडपाठ असतो. तो लिहून घ्यावा. घर घेतलं तर सामान हलवायला किती वेळ हातात आहे, ते त्या आकड्यावरूनच ठरतं.

माणसानं सांगितलं नाही तर घर सांगतं. मीटरच्या लोखंडी पेटीवर आडवी गंजाची रेघ असते. फाटकाच्या खालच्या भागाला वेगळा रंग दिलेला असतो. प्लायच्या दाराची खालची कड फुगून तिचे पापुद्रे सुटलेले असतात. स्विचबोर्ड नेहमीच्या चार-साडेचार फुटांऐवजी पाच-साडेपाच फुटांवर बसवलेले दिसले, किंवा मीटरच जिन्यात वर नेलेलं असलं, तर त्या घरानं पाणी पाहिलंय. याचा अर्थ घर टाकून द्यावं असा नाही. मीटर वर नेणारा मालक शहाणा असतो आणि त्याच्याशी पुराबद्दल मोकळेपणानं बोलता येतं. ‘आमच्याकडं पाणी येत नाही हो’ असं म्हणणाऱ्या आणि पेटीवरची रेघ पुसायला विसरलेल्या मालकापासून मात्र सांभाळून राहावं.

पाणी घरात शिरतं ते नेहमी दारातूनच असंही नाही. ड्रेनेजच्या लाइनला नदीचं किंवा नाल्याचं पाणी उलटं लागलं की चेंबरमधून, न्हाणीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून ते वर येतं, तेही रस्ता अजून कोरडा असताना. तळमजल्याचं घर घेताना अंगणातलं चेंबर कुठं आहे ते बघावं, आणि न्हाणीची फरशी चेंबरच्या झाकणापेक्षा उंच आहे का ते डोळ्यानं मापावं. खाली असेल तर मालकाला लाइनवर उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवायला सांगावं. काम फार मोठं नाही, पण ते उन्हाळ्यातच होतं. तो नसेल तर वेळ आल्यावर वाळूनं भरलेली प्लॅस्टिकची पोती भांड्यात आणि जाळीवर दाबून ठेवावी लागतात. जोत्याची उंचीही मोजावी. एक पायरी साधारण सहा इंचांची धरली तर तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. रस्त्यावर मात्र वर्षानुवर्षं डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत आलेले असतात, त्यामुळं जुन्या बंगल्यांची तीन पायऱ्यांची जोती आज एका पायरीची झालीत. काही ठिकाणी तर रस्त्यावरून घरात उतरावं लागतं. असं घर कितीही स्वस्त मिळालं तरी तळमजला घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पुराचं पाणी आणि साचलेलं पाणी यांत फरक आहे, आणि नवख्या माणसाचा इथं हमखास घोटाळा होतो. नदीपासून लांब, पुराच्या यादीतही नसलेला भाग पावसाच्याच पाण्यानं आठ-आठ दिवस तुंबू शकतो. शामरावनगरच्या सखल भागाची ओळखच ती आहे. एकतर जमीन काळी, पाणी खाली मुरू देत नाही. त्यात बरीच वस्ती गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढ्या तुकड्यांत घरं आधी उभी राहिली, रस्ते आणि गटारी मागून आल्या. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, पण कागद नियमित झाला म्हणून पाण्याला उतार मिळत नाही. अशा भागात भाडं कमी असतं, माणसं मायाळू असतात, मोकळी हवाही भरपूर असते. फक्त गाडी रस्त्यापर्यंत नेता येईल का, ड्रेनेज आहे की सेप्टिक टँक, टँक शेवटचा कधी उपसला आणि पुढचा उपसा कुणाच्या खर्चानं, हे विचारूनच पुढं जावं. पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलं की सेप्टिक टँकचा शोषखड्डा काम करत नाही आणि संडास हळू उतरायला लागतो. बिघाड भांड्यात नसतो. प्लंबर बोलवून पैसे जातात, आणि ऑक्टोबरात ते आपोआप सुरळीत होतं.

काळी माती हा इथल्या घराचा दुसरा धनी. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या घराला दरवर्षी थोडं उचलून खाली ठेवते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसला की भिंत बोलते. केसासारख्या बारीक, इकडंतिकडं गेलेल्या भेगा गिलाव्याच्या असतात, त्यांची काळजी नको. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर निघालेली, नाणं उभं सरकेल इतकी रुंद भेग मात्र पायाची असते. ती भेग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगवलेली असेल आणि त्या पुट्टीतूनच पुन्हा फुटलेली असेल, तर तिचं काम अजून चालू आहे. घर बघताना प्रत्येक दार स्वतः उघडून लावून बघावं. दाराची वरची किंवा खालची कड रंधा मारून घासलेली दिसली तर समजावं, की हे दार पावसाळ्यात अडकतं. खोलीच्या मध्यावर फरशीवर टाच आपटली आणि पोकळ आवाज आला, तर खालचा भराव बसलाय. त्यानं घर पडत नाही, पण कपाट डुगडुगतं आणि त्या फटींतून मुंग्या निघतात.

ओल ओळखायला हाताचा तळवा पुरतो. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, विशेषतः कोपऱ्यात आणि बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर, तळवा टेकवावा. ओल असलेली भिंत मे महिन्यातही शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते. बोटाला पांढरी भुकटी लागली तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार. हॉलमध्ये किंवा बेडरूममध्ये भिंतीला तीन फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स लावलेल्या असल्या, तर ती हौस नाही. ओल झाकलेली असते, आणि ती टाइल्सच्या वर चढून पुन्हा दिसायला लागते. मालकाचं भिंतीतलं कपाट उघडून आत तोंड घालून वास घ्यावा. बंद कपाट कुबट वास लपवू शकत नाही. वरच्या मजल्याला ही भीती नाही, तिथं स्लॅब बघायचा. पंख्याच्या हुकाभोवती पिवळट कडं असेल तर पाणी तिथवर आलेलं आहे. गच्चीवर जाऊन पाणी जाण्याचा पाइप मोकळा आहे का बघावं. बऱ्याच गळत्या पालापाचोळ्यानं तुंबलेल्या त्या एका पाइपामुळं होतात. आणि पश्चिमेकडं खिडकी असलेली वरच्या मजल्यावरची खोली एप्रिल-मे मध्ये रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी राहते. तिथं लहान मूल किंवा वयस्कर माणूस झोपणार असेल तर दुपारी चारनंतर जाऊन त्या भिंतीला हात लावून बघावं.

एवढं सगळं बघून बरीच कुटुंबं शेवटी विश्रामबागकडं वळतात. नेमिनाथनगर, दक्षिण शिवाजीनगर, गुलमोहर कॉलनी, विजयनगर, वानलेसवाडी. नदीपासून लांब, जमीन तुलनेनं उंच, रुंद रस्ते, बंगल्यांची वस्ती, वालचंद आणि विलिंग्डन या कॉलेजांमुळं आलेली एक अभ्यासू शिस्त. भाडं अर्थातच जास्त. या भागाला लोक ‘शांत’ म्हणतात, आणि शांत या शब्दावर विश्वास ठेवायच्या आधी तो तपासावा असं मला कळकळीनं वाटतं. कारण भाडेकरू शांततेसाठी दरमहा पैसे मोजत असतो, आणि करारात त्या शब्दाचा उल्लेख कुठंही नसतो.

दुपारी अडीचला कुठलीही गल्ली शांत असते. त्याच गल्लीत चार वेळा जावं : पहाटे साडेपाचला, सकाळी नऊला, रात्री साडेनऊला आणि एखाद्या लग्नाच्या तिथीला. पहाटे रेल्वेचा भोंगा किती लांबून येतो ते कळतं. सांगली आणि मिरजेच्या मध्ये विश्रामबाग स्टेशन आहे, रुळांजवळच्या घरांना गाडीची सवय करून घ्यावी लागते. सकाळी क्लासच्या गाड्या कुणाच्या फाटकासमोर लागतात ते दिसतं. मंगल कार्यालय अर्धा किलोमीटर लांब असलं तरी वरातीचा रस्ता आपल्या खिडकीखालून जातो का, हे तिथीलाच कळतं. मुख्य रस्त्याला लागून घर असेल तर नोव्हेंबरपासूनचा हंगामही लक्षात घ्यावा. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर जातात, चालकाला झोप येऊ नये म्हणून टेप मोठ्यानं चालू असतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या नियमाचा आधार घेऊन पोलिसांना फोन करता येतो. पण दर आठवड्याला फोन करावा लागेल असं घर घेण्यापेक्षा दोन गल्ल्या आत गेलेलं बरं. कोपऱ्यावरच्या घरापेक्षा गल्लीच्या मध्यावरचं घर नेहमी शांत असतं, आणि बंद गल्लीतलं शेवटचं घर त्याहून.

पाण्याचं बोलायचं तर नळ किती वाजता आणि किती वेळ येतो, हे मालकाला विचारण्याऐवजी शेजारच्या काकूंना विचारावं. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा मानक धरला तर चार माणसांना ५४० लिटर लागतं. म्हणजे ५०० लिटरची टाकी दोन भाडेकरूंत वाटलेली असेल तर दुपारी तीनला ती रिकामी होणारच. खाली हौद किती लिटरचा आहे, मोटार कुणाच्या मीटरवर आहे, ती चालू-बंद कोण करतं, हे तीन प्रश्न एका दमात विचारावेत. भाडेकरू आणि मालक यांच्यातलं पहिलं भांडण बहुधा मोटारीवरूनच होतं. दाब बघायला एक पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावावं. मिनिटाच्या आसपास भरली तर उत्तम, तीन मिनिटं लागली तर अंघोळीच्या वेळी त्रास आहे. टाकीची उंची आणि नळाचा दाब यांचा हिशेब सोपा आहे : दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब. वरच्या मजल्यावर टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम दोन मीटर वर असतो, म्हणजे दाब त्याचा पाचवा हिस्सा. त्यामुळं गॅस गिझर पेटत नाही आणि लोक गिझरला शिव्या देतात. गॅस गिझर असेलच तर तो बाथरूमच्या आत नको. जळताना तो खोलीतली हवा खातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. तो बाहेर बाल्कनीतच बसवलेला असावा. या एका गोष्टीवर तडजोड करू नये. बोअरचं पाणी क्षारांचं असतं. नळाच्या तोंडाशी पांढरी साय जमलेली दिसली की ओळखावं. अशा पाण्यात गिझरची कॉइल लवकर जाते, म्हणून ती बदलायचा खर्च कुणाचा ते आधी ठरवावं.

विजेचं मीटर स्वतंत्र हवं. घरगुती वीजदर टप्प्यांचे असतात, महिन्याला १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढं आणखी चढे. दोन कुटुंबं प्रत्येकी ९० युनिट जाळत असतील तर स्वतंत्र मीटरवर दोघंही खालच्या दरात बसतात. तीच दोघं एका मीटरवर आली की बिल १८० युनिटचं होतं आणि ८० युनिट वरच्या दरात जातात. त्यात मालकानं सबमीटर लावून स्वतःचाच एक दर ठरवला असेल तर तो विचारून लिहून घ्यावा. मेन स्विचजवळ ‘टी’ लिहिलेलं बटण असलेलं शॉकसंरक्षक यंत्र आहे का बघावं, मालकासमोर ते बटण दाबावं. खटकन पडलं तर ठीक. ओल धरणाऱ्या घरात हे यंत्र नसणं म्हणजे लहान मुलाच्या जिवाशी खेळ आहे.

आता मालकाबद्दल. सांगलीत अजून ‘मालक खाली, भाडेकरू वर’ ही पद्धत जास्त चालते. ती चांगलीही आहे, कारण रात्री ताप आला तर रिक्षा बोलवणारं कुणी असतं, आणि कुरिअर घेऊन ठेवणाऱ्या काकू असतात. पहिल्या भेटीत प्रश्न येतात : माणसं किती, नोकरी कुठं, पाहुणे फार येतात का, नॉनव्हेज करता का. शेवटचा प्रश्न आला की गोड बोलून टाळू नये. करत असाल तर तसं सांगावं आणि नाही म्हणाले तर दुसरं घर बघावं. खोटं बोलून घेतलेल्या घरात रविवारी खिडक्या बंद करून बसावं लागतं, ते राहणं नव्हे. ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्नही येतो, आडनावावरून अंदाज लागला नाही की येतोच. ज्यांना हा प्रश्न वारंवार सोसावा लागतो त्यांना घर शोधायला किती जास्त चपला झिजवाव्या लागतात, याचा विचार मालक मंडळींनी खरंच करावा. भाडं वेळेवर येतं की नाही आणि घर नीट ठेवलं जातं की नाही, एवढंच मालकाला माहीत असणं पुरेसं आहे. त्यासाठी आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागावा, जात विचारू नये.

कराराच्या बाबतीत ‘शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, अकरा महिन्यांचं आहे’ हे वाक्य अजून ऐकू येतं. ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्यानं किंवा लिव्ह अँड लायसन्सनं देण्याचा कुठलाही करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ही गोष्ट मालकाला धमकी म्हणून सांगू नये. नोंदणी त्याच्याही फायद्याची आहे, कारण लायसन्सची मुदत संपून माणूस हलला नाही तर कलम २४ खाली घर परत मागता येतं आणि तोपर्यंत दुप्पट रक्कम लागू होते.

खर्च लोकांना वाटतो तितका नाही. समजा भाडं ९,००० आणि परत मिळणारी अनामत ३०,०००, मुदत अकरा महिने. भाड्याचे ९९,०००, अनामतीवर दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं धरलेलं व्याज २,७५०, मिळून १,०१,७५०. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशेच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेतून आधार, पॅन, फोटो आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं. करून देणारा माणूस त्याची मजुरी वेगळी घेतो. इंडेक्स टू ची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत दोघांनी ठेवावी. मालकच खरा मालक आहे ना, हे घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांवरचं नाव जुळवून बघावं. नाव वडिलांचं किंवा भावाचं असेल तर सही कुणाची, ते विचारावं. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यायची असते, तेही त्याच आठवड्यात उरकावं. फ्लॅट असेल तर मालक स्वतः तिथं राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून ना-वहिवाट शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि ते भाड्यात धरलंय की वर मागणार, हे करारात असावं.

छापील मसुद्यात नसणारी, पण सांगलीत हवीच अशी एक अट आहे. घरात पाणी शिरून राहणं अशक्य झालं तर तेवढ्या दिवसांचं भाडं नाही, साफसफाई आणि वायरिंगची दुरुस्ती मालकाची, आणि ठरावीक दिवसांत घर राहण्याजोगं झालं नाही तर नोटीस न देता, पूर्ण अनामत घेऊन भाडेकरू जाऊ शकतो. दोन ओळींचं काम आहे. करार करताना त्या दोन ओळी लिहायला मालक सहसा नाही म्हणत नाही. चिखल काढताना तेच बोलायला गेलं तर दोघंही दुखावलेले असतात. पंचनाम्याच्या वेळीसुद्धा आपण इथंच राहतो हे भाडेकरूला दाखवावं लागतं. नोंदणीकृत करार हाती असला तर ते सोपं जातं, म्हणून त्याची एक प्रत घरच्या कपाटात न ठेवता मोबाइलमध्ये आणि गावाकडच्या भावाकडं ठेवावी.

बाकी अटींत रंगाचं स्पष्ट लिहावं. अनामतीतून सर्वांत जास्त कापले जातात ते रंगाचेच पैसे. राहून राहून भिंत मळते, खिळ्यांची भोकं पडतात, त्याला वापराची झीज म्हणतात. तुटलेला बेसिन म्हणजे नुकसान. हा फरक आधी ठरला की शेवटचा दिवस गोड जातो. किल्ल्या किती दिल्या, पंखे किती, गिझर चालू की बंद, हे एका कागदावर दोघांच्या सहीनं, आणि प्रत्येक खोलीचा मोबाइलवर एक संथ व्हिडिओ, जमिनीपासून छतापर्यंत. भेगांचे फोटो शेजारी पट्टी धरून काढावेत. वीज मीटरच्या आकड्याचा फोटो सामान उतरवायच्या आधी.

सामान न्यायला छोटा हत्ती दोन खेपांत पुरतो. आधी गॅस आणि देव न्यावेत, असं आपल्याकडं करतात. नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ द्यायचं, खालच्या काकूंना पेढे द्यायचे. वजनदार कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नयेत, चार बोटं जागा सोडावी, म्हणजे मागं हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. तळमजला असेल तर पुस्तकं, कागदपत्रं आणि पाहुण्यांच्या गाद्या पहिल्या दिवसापासून माळ्यावर. पूर चढायला लागल्यावर या वस्तू उचलायला माणसं मिळत नाहीत, कारण प्रत्येकजण आपापल्या घरचं उचलत असतो.

मग मृग लागतो. पहिला मोठा पाऊस बहुधा संध्याकाळी येतो, वळवासारखा, वाऱ्यासकट. त्या रात्री पाऊस ओसरला की टॉर्च घेऊन घरभर एक फेरी मारावी. पंख्याच्या हुकाभोवती, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, जिन्याच्या तोंडाशी आणि बाहेर चेंबरच्या झाकणाजवळ उजेड टाकायचा. जिथं ओलं दिसेल तिथं पेन्सिलीनं ओलाव्याच्या कडेनं रेघ ओढून तारीख घालायची, फोटो काढायचा आणि सकाळी मालकांना पाठवायचा : ‘काका, रात्री हॉलच्या कोपऱ्यात एवढं ओल आलंय, गच्चीचा पाइप बघून घेऊया का?’ पुढच्या पावसानंतर त्याच रेघेपाशी पुन्हा टॉर्च धरायचा.